पूर्ण ताकदीवर वीस हजार

अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या त्या कारखान्यात चाचणी विभाग नावाची एक खोली होती. त्या विभागाची प्रमुख, उपप्रमुख, कारकून आणि कामगार मिळून एकच बाई होती. तिला सगळे मापबाई म्हणत. खोली पहिल्या मजल्यावर, गाद्यांच्या गोदामाच्या वर. नव्याने कामाला लागलेला माणूस तिथे डोकावला की हमखास विचारायचा, इथे गाणी कुठे लागतात? गाणी लागतच नसत. स्पीकरच्या जागी तारेचे जाडजूड रेझिस्टर जोडलेले असत, ते मुकाट्याने तापत, आणि आवाजाची लाट पडद्यावर हिरव्या रेषेत दिसे. मापबाई सव्वीस वर्षं आवाज नुसता बघत आली होती.

तपासणी झाली की ती प्रमाणपत्रावर निळ्या पेनाने सही करायची आणि ते पाकिटात घालून खोक्यात ठेवायची. प्रमाणपत्रावर पाच ओळी होत्या. मोजलेले आकडे लिहायला त्यात रिकाम्या जागा असाव्यात असं तिचं म्हणणं होतं. पण कंपनीच्या साहेबांनी आकडे आधीच छापून घेतले होते. मोजायच्या आधीच उत्तर छापलेलं असलं की वेळ वाचतो, हे त्यांनी एका व्यवस्थापन शिबिरात जाऊन आल्यावर ताडलं होतं. पाचवी ओळ अशी होती: 'शंभर वॅट, पूर्ण ताकदीवर, वीस ते वीस हजार हर्ट्झ.'

सव्वीस वर्षं या ओळीत खोटं काही नव्हतं, म्हणून मापबाईने छपाईबद्दल फारसा वाद घातला नाही.

मग तिच्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि ती तीन आठवडे रजेवर गेली. नेमका त्याच काळात नवा अ‍ॅम्प बाजारात यायचा होता. विक्रेत्यांसमोर त्याचं प्रात्यक्षिक ठेवलेलं. साहेबांनी भाषण केलं, लांबलचक वायरींनी दोन मोठे स्पीकर जोडले, बटण दाबलं, आणि अ‍ॅम्प पिसाळला. आत आपोआप एक उंच, कानाला न कळणारी थरथर सुरू झाली आणि दोन्ही स्पीकरमधून धूर निघाला. विक्रेत्यांपैकी काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

हा अ‍ॅम्प ज्यांनी आखला होता त्यांना डॉक्टर म्हणत. त्यांची डॉक्टरेट अँटेनावर होती, पण त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. माणूस साधा, कष्टाळू आणि घाबरट. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना एवढंच म्हटलं, "मला तो शांत हवाय." डॉक्टरांनी आतला एक कपॅसिटर काढला आणि जवळजवळ पाचपट मोठा बसवला. अ‍ॅम्प शांत झाला. लांब वायरी लावा, आखूड लावा, हूं की चूं नाही. साहेबांनी डॉक्टरांची पाठ थोपटली आणि शंभर नग एकदम बनवून घेतले.

मापबाई रजेवरून आली ती या शंभर नगांच्या रांगेसमोर.

पहिल्या नगाने एक हजार हर्ट्झवर शंभर वॅट दिले. उत्तम. एका वॅटवर तो वीस हजार हर्ट्झपर्यंत सरळ गेला. उत्तम. चाचणीच्या कागदावर एवढंच करायला सांगितलेलं होतं. पण मापबाईला एक खोड होती. पाचव्या ओळीत दोन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत, तर त्या एका दमात करून बघाव्यात असं तिला वाटायचं. तिने शंभर वॅट आणि वीस हजार हर्ट्झ एकाच वेळी लावले. पडद्यावर गोल, गुबगुबीत लाट दिसायला हवी होती. दिसले ते त्रिकोण. एकसारखे, रेघोट्या मारल्यासारखे, शाळेच्या कंपासपेटीतून काढल्यासारखे त्रिकोण. उंचीही पुरती नव्हती. चाळीस व्होल्टपर्यंत चढायचं, तर लाट सव्वीसवरच धाप लागून खाली वळत होती.

तिने दुसरा नग घेतला. मग तिसरा. अकराव्याला ती उठली आणि डॉक्टरांच्या टेबलाशी गेली.

"स्ल्यू रेट मोजलात?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "का? किती येतोय?"

"मायक्रोसेकंदाला दोन व्होल्ट आणि वर चिमूटभर. पाच तरी हवेत. पूर्वी दहा होते."

"वापरताना कुणी एवढं..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. मग हळूच म्हणाले, "साहेबांच्या कानावर घाला तुम्ही. माझ्याने नाही व्हायचं."

साहेबांच्या केबिनमध्ये गालिचा होता आणि भिंतीवर पुरस्कार होते. त्यातले दोन त्यांच्याच संघटनेने त्यांनाच दिलेले. मापबाईने सोपं करून सांगितलं. अ‍ॅम्पला वर चढायला आणि खाली उतरायला एक कमाल वेग असतो, त्यालाच स्ल्यू रेट म्हणतात. आत एक भांडं आहे, त्यात नळाने पाणी पडतं. भांडं भरेल त्याच वेगाने आवाज वर चढणार. डॉक्टरांनी भांडं पाचपट केलं आणि नळ तोच ठेवला. आवाज लहान असेल तर थोडंसंच भरायचं असतं, ते जमतं. आवाज मोठा आणि सूर उंच, दोन्ही एकदम आलं की भरता भरत नाही, आणि लाटेचा त्रिकोण होतो.

"म्हणजे तो शंभर वॅट देत नाही?"

"देतो."

"वीस हजारापर्यंत जात नाही?"

"जातो. पण दोन्ही एका वेळी करत नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "अहो, मग झालं की. आमच्या घरी माझा मुलगा अभ्यासही करतो आणि वेळेवर उठतोही. दोन्ही एकाच दिवशी झालेलं मी कधी पाहिलेलं नाही. म्हणून काय मी त्याला नापास म्हणू?"

"पाचव्या ओळीत दोन्ही एकाच वेळी लिहिलंय, साहेब. पूर्ण ताकदीवर हा फक्त आठ हजार चारशेपर्यंत जातो."

"वीस हजार ऐकू कुणाला येतं? तुम्हाला येतं?"

हा प्रश्न मापबाईला झोंबला, कारण उत्तर नाही असं होतं. ती चोपन्न वर्षांची होती. आपल्या कानांचंही माप तिने घेऊन ठेवलं होतं. अकरा हजार. त्यापुढे शांतता. आणि एवढ्या उंच सुरात एवढी ताकद लागेल असं गाणं घराघरांत वाजत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. शंभरातल्या नव्व्याण्णव घरांत कुणाला काही कळणार नव्हतं.

"मला नाही येत," ती म्हणाली. "पण खाली सही माझी आहे."

साहेबांनी तिच्याकडे फार मायेने पाहिलं. या नजरेनंतर त्यांच्याकडून काही होत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. "बघू," ते म्हणाले.

मापबाई खोलीत परतली. तिने पुढचं प्रमाणपत्र ओढलं, पाचव्या ओळीतल्या वीस हजारावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, वर सुवाच्य अक्षरात '८,४००' लिहिलं, आणि खाली सही केली. मग पाकीट बंद केलं. शंभरच्या शंभर नगांच्या प्रमाणपत्रांवर तिने असंच केलं, आणि पुढच्यांच्याही.

तिची अशी अपेक्षा होती की आठवड्याभरात कुणीतरी बोंब मारेल, साहेब तिला बोलावतील, आणि मग काय व्हायचं ते होईल. तिने टेबलाचा खालचा कप्पाही आवरून ठेवला. आठवडा गेला, महिना गेला. खोकी गेली, दुकानांत लागली, घराघरांत पोचली. एवढ्या लोकांनी ती उघडली, आणि एकानेही ते पाकीट फोडलं नाही. मापबाईने आयुष्यातलं सगळ्यात मोठं बंड केलं होतं आणि त्याची कुणी दखलच घेतली नव्हती.

दखल घेतली ती अ‍ॅम्पची, आणि तीही घरातल्याच माणसाने.

तिचा धाकटा दीर विमा कंपनीत होता. ते पोटापाण्यापुरतं, खरा तो श्रोता होता. एका ध्वनी मासिकात दर महिन्याला सदर लिहायचा. घरच्या एका खोलीत त्याने भिंतींना फोम लावला होता, मधोमध एकच खुर्ची ठेवली होती, आणि तो ऐकायला बसला की जावेला मिक्सर लावायची बंदी असे. नवा अ‍ॅम्प त्याने वहिनीच्या कंपनीचा म्हणून कौतुकाने घेतला आणि त्यावर सहा पानं लिहिली. उंच स्वर असे काही उतरतात की जणू कुणी रेशमी हातमोजा घालून कानाला स्पर्श करावा, असं त्यात होतं. 'ऊब' हा शब्द मापबाईने मोजला. एकोणीस वेळा आला होता.

रविवारी सगळे सासूबाईंना भेटायला जमले तेव्हा त्याने विषय काढलाच. "वहिनी, काय चीज बनवलीय तुम्ही लोकांनी. ही ऊब आणलीत कुठून?"

"मोठा कपॅसिटर बसलाय, भावजी. चुकून."

"तुमचं हे असं असतं बघा." तो हसला. "तुम्ही आकड्यांतच अडकून पडता. संगीत आकड्यांच्या पलीकडे असतं."

"पलीकडेच गेलंय ते. आठ हजार चारशेच्या पलीकडे त्रिकोण होतात. पाकीट उघडलं होतंत का, खोक्यातलं?"

"कसलं पाकीट?"

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "त्याला लहानपणापासून पाकीट उघडायचा कंटाळा. प्रगतिपुस्तकसुद्धा मीच उघडायचे." यावर सगळे हसले, आणि विषय तिथेच मिटला.

चौथ्या महिन्यात एके दुपारी खालून पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, कोणी किडेवाली आलीय. तुमचंच नाव घेतेय. म्हणजे नाव नाही, सही दाखवतेय."

किडेवाली पस्तिशीची, काटक, उन्हाने रापलेली बाई होती. विद्यापीठात लांब मिशांच्या हिरव्या नाकतोड्यांवर संशोधन करायची. तिच्या एका हातात भोकं पाडलेला डबा होता आणि दुसऱ्या हातात ते प्रमाणपत्र.

"हे आठ हजार चारशे तुम्ही लिहिलंत?"

मापबाई धास्तावली आणि त्याच क्षणी तिला विलक्षण आनंदही झाला. "तुम्ही वाचलंत?"

"दीड महिना वाया गेल्यावर. आधी वाचायला हवं होतं. बसू का?"

तिने सगळं सांगितलं. या नाकतोड्यांचा नर पंख घासून गातो, चौदा ते अठरा हजार हर्ट्झच्या मध्ये. ते गाणं टिपून घ्यायचं, स्पीकरवर लावायचं, आणि मादी स्पीकरकडे चालत येते का हे बघायचं. आवाज लहान ठेवला तर मादी सुतासारखी सरळ येत होती. मोठा केला की अर्ध्या वाटेत थांबायची, मिशा हलवायची आणि पाठ फिरवायची. खरं तर मोठ्या आवाजाचा नर तिला अधिक आवडायला हवा. किडेवालीने स्पीकर बदलले, माद्या बदलल्या, प्रयोगाच्या टेबलावरची गादी बदलली. तिच्या मार्गदर्शकांना तर यात नवा सिद्धान्त दिसू लागला होता, मादीला नम्र नर आवडतात असा. त्यांनी निबंधाचं शीर्षकही सुचवलं होतं.

"मग परवा खोकं टाकून द्यायला काढलं आणि पाकीट हाताला लागलं," किडेवाली म्हणाली. "लहान आवाजात ठीक, मोठ्या आवाजात बिघाड. तुमच्या या एका आकड्यात माझं अख्खं उत्तर होतं."

कंपनीने आजवर हजारो अ‍ॅम्प विकले होते, आणि पूर्ण ताकदीवर उंच सूर लक्ष देऊन ऐकणारा पहिला ग्राहक हा निघाला होता. हिरवा, सहा पायांचा, आणि त्याने कुठेही सदर लिहिलेलं नव्हतं.

तिने कप्पा उघडून एक नग काढला. हा तिने फावल्या वेळात डॉक्टरांना हाताशी धरून दुरुस्त केला होता. कपॅसिटर पुन्हा लहान, आणि अ‍ॅम्प पिसाळू नये म्हणून आतल्या पहिल्या ट्रान्झिस्टर-जोडीच्या पायांत छोटे रेझिस्टर. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे धरून एकूण दोन कपॅसिटर आणि चार रेझिस्टर, सगळे मिळून नखावर मावतील एवढे. तो शांतही होता आणि मायक्रोसेकंदाला दहा व्होल्ट चढतही होता. डॉक्टरांनी तसा कागद साहेबांकडे पाठवला होता. कागदाकडेही साहेबांनी मायेनेच पाहिलं असावं.

"तुमच्या माद्या आत्ता चालतील?" मापबाईने विचारलं.

"त्यांना दुपार म्हणजे रात्र. आमच्याकडे दिव्यांचं वेळापत्रक उलटं असतं. पडदे ओढले की झालं."

"पडदे फक्त साहेबांच्या केबिनमध्ये आहेत," मापबाई म्हणाली.

साहेब नाही म्हणू शकले नाहीत, कारण विद्यापीठ हा शब्द ऐकला की त्यांना पुरस्कार दिसायचा. टेबल मोकळं केलं. एका टोकाला किडेवालीचा छोटा स्पीकर, दुसऱ्या टोकाला डबा. डॉक्टर दाराशी उभे राहिले, पळ काढता येईल असे. पडदे ओढून एक मंद लाल दिवा लावला.

आधी बाजारातला नग. आवाज मोठा. माणसांना ऐकू आली ती फक्त एक बारीक खरखर, आणि साहेबांना तीही नाही. पहिली मादी डब्यातून निघाली, टेबलावरच्या कॅलेंडरपर्यंत आली, थांबली, आणि वळून साहेबांच्या पाणी पिण्याच्या पेल्याकडे गेली. दुसरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

मग दुरुस्त केलेला नग. तोच आवाज, तेवढाच मोठा. पहिली मादी निघाली ती थेट स्पीकरच्या जाळीवर जाऊन बसली. दुसरी तिच्यामागोमाग. तिसरी मात्र दोन्ही वेळा पडद्यावर चढली आणि तिथेच राहिली. किडेवालीने वहीत तशी नोंद केली.

साहेबांनी दिवा लावला. "छान आहे. मनोरंजक आहे. पण आपण किड्यांना माल विकत नाही."

"एक विकलाय," मापबाई म्हणाली.

"मी तक्रार करायला आले नाहीये," किडेवाली म्हणाली. "पावतीबरोबर खरा आकडा होता, मीच वाचला नाही. फक्त तुम्हाला सांगून ठेवते. आमच्या निबंधात कोणती उपकरणं वापरली आणि ती कशी वागली, ते नावानिशी लिहावं लागतं. नियमच आहे."

साहेबांचा चेहरा पांढरा पडायला सुरुवात झाली होती, तो वाटेत थांबला. "खरा आकडा? कुठला खरा आकडा?"

किडेवालीने प्रमाणपत्र त्यांच्यासमोर ठेवलं. साहेबांनी ती रेघ पाहिली, वरचं सुवाच्य अक्षर पाहिलं, खालची निळी सही पाहिली.

"हे कधीपासून चाललंय?"

"चार महिने," मापबाई म्हणाली. "तीनशे बारा खोकी."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"कुणी वाचलं नाही, साहेब. मी वाट बघत होते."

डॉक्टरांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. ते हसले होते. कारखान्यात त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नसल्यामुळे साहेबांना वाटलं, त्यांना ठसका लागला.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. शास्त्रीय निबंधात आपलं नाव नाकतोड्याने नाकारलेला अ‍ॅम्प म्हणून छापून येईल, या कल्पनेने साहेबांना त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही. दोन कपॅसिटर आणि चार रेझिस्टर यांना तातडीने मंजुरी मिळाली. दुरुस्त अ‍ॅम्पला नवं नाव मिळालं, नव्या माहितीपत्रकावर हिरवं पान आलं आणि 'निसर्गाच्या कसोटीला उतरलेला' अशी ओळ आली. जुन्या ग्राहकांना अ‍ॅम्प आणून दिला तर बदल फुकट करून मिळेल, अशी सूचना कंपनीने संकेतस्थळावर टाकली, आणि ती कुणाला सापडणार नाही याची नीट काळजी घेतली.

मापबाईला मेमो मिळाला. त्याला चार दिवस उशीर झाला, कारण गुन्ह्याचं नाव काय लिहायचं यावर ऑफिसात एकमत होईना. खोटी माहिती दिली म्हणावं तर ती खरी होती. गुप्तता मोडली म्हणावं तर तिने ती बंद पाकिटात ठेवली होती. शेवटी 'छापील आकड्यांत विनापरवाना अचूकता' असं लिहिलं. मापबाईने मेमोची पोच दिली, निळ्या पेनाने. पुढच्या छपाईत पाचव्या ओळीत रिकामी जागा आली. साहेब म्हणाले, ही त्यांचीच जुनी कल्पना होती.

तीनशे बारांपैकी बदल करून घ्यायला अकरा जण आले. अकरावे भावजी होते.

ते कारखान्याच्या दाराशी अ‍ॅम्प पोटाशी धरून उभे राहिले. "त्या दुसऱ्या सदरवाल्याने नव्याबद्दल लिहिलंय," ते म्हणाले. "म्हणतो, पडदा सरल्यासारखं वाटतं. आता मीच मागे राहिलो तर बरं दिसत नाही. दादाला सांगू नका. तो हसेल."

"ऊब जाईल हं, भावजी."

"जाऊ दे." भावजींनी सुस्कारा सोडला. "कलेसाठी काही सोडावं लागतं."

मापबाईने अ‍ॅम्प ठेवून घेतला. तिच्या फळीवर दोन रांगा होत्या, डावीकडे झालेले आणि उजवीकडे व्हायचे. तिसऱ्या दिवशी ती सासूबाईंना तपासणीला घेऊन गेलेली असताना पाठवणी विभागाने उजव्या रांगेतून एक खोकं उचललं आणि भावजींच्या घरी पोचवलं. तिला हे कळायच्या आत भावजींचा फोन आला.

"वहिनी, काय सांगू. मी तीन तास जागेवरून उठलो नाही. अहो, खोलीची भिंतच नाहीशी झाली. ती ऊब कसली, ते तर धुकं होतं. मी आंधळा होतो. म्हणजे बहिरा होतो. लेख पाठवूनसुद्धा दिला."

मापबाई फोन खांद्याशी धरून फळीपाशी गेली. उजव्या रांगेतली भावजींची जागा रिकामी होती. कपॅसिटरची पुडी तिथेच, न फोडलेली.

तिने क्षणभर विचार केला. गप्प बसायला काय लागणार होतं? भावजी खूश, जाऊ खूश, मासिक खूश. गुपचूप एखाद्या दिवशी अ‍ॅम्प मागवून बदल करून टाकता आला असता. तिने पुडी उचलून खिशात टाकली आणि म्हणाली, "रविवारी सकाळी येते मी. खुर्ची मोकळी ठेवा."

रविवारी ती सोल्डरिंगची पिशवी घेऊन त्या फोमच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. अ‍ॅम्प उलटा केला. कडेच्या स्क्रूवर तिचंच कागदी सील होतं, कारखान्यातून निघालं तसं, न फाटलेलं.

"हे बघा, भावजी. हा उघडलेलाच नव्हता. चुकून तसाच आला तुमच्याकडे."

भावजी सीलकडे बघत राहिले. मग खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर. बाहेर जावेने संधी साधून मिक्सर लावला.

"पण मी ऐकलं, वहिनी," ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या शाळकरी पोरासारखा झाला होता. "मी खोटं नाही लिहिलं. मला खरंच ऐकू आलं."

"माहीत आहे मला."

"मग ते काय होतं?"

मापबाईला बोलायला पुष्कळ होतं. एकोणीस वेळा आलेली ऊब होती, सहा पानं होती. पण समोर बसलेल्या माणसाला बघून तिला त्यातलं काही काढावंसं वाटेना. "मला वीस हजार कधीच ऐकू आलेलं नाही," ती म्हणाली. "अकरावरच संपतं माझं. हा बदल केलेला आणि न केलेला, दोन्ही मी घरी लावून बघितले. मला एका टाचणीचाही फरक कळला नाही."

"तुम्हाला? मग एवढा मेमो वगैरे कशासाठी घेतलात?"

"लिहिलेलं होतं म्हणून. ती इस्त्री जरा इकडे द्या, तापलेली आहे, जपून." सोल्डरिंगच्या लोखंडाला ती इस्त्री म्हणायची.

तिने वीस मिनिटांत काम उरकलं. भावजींनी बॅटरी धरली. मग झाकण लावून एक तबकडी लावली. भावजी या वेळी डोळे सताड उघडे ठेवून ऐकत होते, अ‍ॅम्पकडे बघत, जणू तो काही बोलून दाखवेल. गाणं संपलं.

"काही कळलं नाही," ते म्हणाले.

"झालं तर मग."

त्यांनी त्याच दिवशी संपादकांना कळवलं की लेख थांबवा, किंवा निदान शेवटी छापा की लेखकाने ऐकलेला फरक त्या वेळी अजून झालेला नव्हता. संपादकांनी उत्तर दिलं की अंक छपाईला गेला आहे आणि खुलाशासाठी पुढच्या अंकात जागा नाही, कारण लेखावर वाचकांची एकशेचाळीस पत्रं आली आहेत. अंक छपाईत असताना पत्रं कशी आली, असं भावजींनी विचारलं. त्यावर उत्तर आलं नाही.

पुढच्या शनिवारी ते न सांगता कारखान्यात आले. मापबाईच्या खोलीच्या दाराशी चप्पल काढायला वाकले, मग इथे काढायची नसते हे लक्षात येऊन ओशाळले.

"तो त्रिकोण दाखवाल का?" त्यांनी विचारलं.

फळीवर एक जुना नग होता. मापबाईने तो जोडला, वीस हजार हर्ट्झ लावले आणि आवाजाचं बटण भावजींच्या हातात दिलं. खोलीत शांतता होती, फक्त रेझिस्टर तापल्याचा वास यायला लागला. भावजींनी बटण हळूहळू फिरवलं. पडद्यावरची गोल लाट मोठी झाली, आणखी मोठी झाली, आणि एका जागी तिचे खांदे ताठ व्हायला लागले. मग गोलाई गेली आणि नुसत्या तिरक्या रेषा उरल्या. त्यांनी बटण मागे घेतलं. लाट पुन्हा गोल झाली.

"इथेच," ते पुटपुटले. "इथे होतंय." त्यांनी बोट पडद्याला टेकवलं.

"काचेवर डाग पडतो," मापबाई म्हणाली.

त्यांनी बोट काढलं आणि बटण पुन्हा पुढे केलं, पुन्हा मागे. असं त्यांनी अर्धा तास केलं. तिला सोमवारी सतरा नग पाठवायचे होते आणि खोलीत खुर्ची एकच होती. शेवटी तिने त्यांच्या हातात एक कोरं प्रमाणपत्र आणि निळं पेन दिलं, खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं, आणि ती पडद्यावरून वाचेल तो आकडा लिहायला सांगितलं. भावजींनी पाचव्या ओळीत पहिला आकडा लिहिला, थबकले, आणि म्हणाले, "वहिनी, परत एकदा मोजता का? माझी खात्री नाही झाली."